प्रवासासाठी एकच सँडल घ्यायची असेल तर

ठाण्याहून रात्री कोकणकन्या पकडून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पायांतली सँडल किती वेळा काढतो आणि घालतो, याचा नुसता अंदाज घेतला तरी प्रवासाची सँडल कशी असावी याचे अर्धे उत्तर मिळते. बर्थवर चढताना ती काढावी लागते, रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना अंधारात चाचपडत पुन्हा घालावी लागते, नातेवाइकांच्या सारवलेल्या अंगणाच्या कडेला ती उतरते, देवळाबाहेर उतरते, पंगतीला बसण्याआधी उतरते आणि समुद्रावर तर ती हातातच येते. प्रवासी पादत्राणांविषयीचा बराचसा सल्ला सलग पायपीट गृहीत धरून दिलेला असतो, त्यामुळे त्यात सगळा भर तळाच्या मऊपणावर असतो. आपल्याकडच्या प्रवासात मात्र काढ-घाल हीच खरी कसोटी आहे, आणि ती मान्य केली की दुकानात मांडलेल्यांपैकी बरेच जोड हातात न घेताच बाद करता येतात.

निवडीची सुरुवात दुकानात न करता घरी करावी. ज्या प्रवासाला निघायचे आहे त्यातला पायांच्या दृष्टीने सर्वांत अवघड टप्पा कोणता, हे आधी ठरवावे, कारण तो टप्पा निभावणारी सँडल बाकीचे सोपे टप्पे निभावतेच; उलट मात्र होत नाही. गणपतीपुळ्याला देऊळ किनाऱ्याला लागूनच असल्यामुळे ओली वाळू, देवळाची फरशी, बाजारातला रस्ता आणि जेवणघर हे सगळे एकाच फेरीत येते. तिथे लवकर वाळणारी आणि वाळू धरून न ठेवणारी सँडल हवी. अष्टविनायकांतल्या लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या आणि मुख्य म्हणजे उतराव्या लागतात. तिथे टाच धरून ठेवणारा मागचा पट्टा नसेल तर उतरताना पाय पुढे सरकत राहतो आणि बोटे दुखू लागतात. पावसाळ्यात कोकणातल्या गावी जाणाऱ्याने जांभ्या दगडाच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, धरणारे शेवाळ डोळ्यांसमोर ठेवावे. गडावर जायचे असेल तर त्या चढाईपुरता सँडलचा विचार सोडून द्यावा. त्यासाठी बूटच हवेत आणि सँडल मुक्कामावर पाय मोकळे करायला उपयोगी पडते.

यातून सामानाचा एक साधा हिशेब निघतो. निघताना पायांत बूट असावेत आणि बॅगेत एक सँडल असावी; तिसरा जोड घेऊ नये. देशांतर्गत विमानप्रवासात हातातल्या बॅगेसाठी साधारणपणे ७ किलोंची मर्यादा असते आणि जाड तळाच्या पट्टेवाल्या सँडल त्यातला नको तितका वाटा खातात. लग्नकार्यासाठी जायचे असेल तर मात्र हा नियम मोडायला हरकत नाही, कारण पैठणीखाली किंवा झब्ब्याखाली फ्लोटर्स घालणाऱ्याला घरचे लोकच फोटोतून बाजूला सारतात. अशा वेळी कोल्हापुरी सोबत घ्यावी. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आणि २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोनंतर पुन्हा चर्चेत आलेली ही चप्पल चपटी असल्यामुळे बॅगेत जागा फारशी घेत नाही. ती कोरड्या दिवसांचीच चप्पल आहे, हे मात्र विसरू नये. तिचे चामडे भिजले की जड होते, सैल पडते आणि वाळल्यावर पहिल्यासारखे बसत नाही.

आता बांधणीकडे वळू, कारण निवड चुकते ती बहुधा इथेच. आपण ज्यांना सरसकट फ्लोटर्स म्हणतो, त्या प्रकारच्या सँडलचे मूळ पाण्यात आहे. मार्क थॅचर हा ग्रँड कॅन्यनमध्ये राफ्टिंगच्या फेऱ्यांवर वाटाड्या म्हणून काम करणारा माणूस. पायांतली चप्पल प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून त्याने तिला मागे पट्टा जोडला आणि १९८४ च्या सुमारास त्यातून टेवा हा ब्रँड उभा राहिला. मागचा पट्टा आपल्यालाही तितकाच गरजेचा आहे, मग नदी नसली तरी चालेल. भरलेल्या लोकलमधून उतरताना मागच्याचा पाय आपल्या टाचेवर पडतो आणि नुसती सरकवायची स्लिपर फलाटावर किंवा, त्याहून वाईट, फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीत जाते. मऊ फुगीर क्लॉग, म्हणजे पुढून बंद असलेली फोमची पादत्राणे, चालायला सुखाचे असले तरी सरकत्या जिन्याच्या कडेला त्यांचे मऊ टोक खेचले जाऊन बोटांना इजा झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. लहान मुलांना ते घालून प्रवासाला नेताना जिन्याच्या मधोमध उभे करावे.

मागचा पट्टा हवा आणि काढ-घालही सोपी हवी, या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात. त्यांचा मेळ अशा सँडलमध्ये बसतो जिचा मागचा पट्टा एकदाच मापाला लावून ठेवता येतो आणि रोज उघडायचा पट्टा पायाच्या वरच्या बाजूला एकच असतो. तीन ठिकाणी वेल्क्रो असेल तर बसवणी अगदी नेमकी होते, यात शंका नाही. परंतु तिन्ही पट्टे प्रत्येक देवळाबाहेर उघडावे लागत असतील तर दुसऱ्या दिवसापासून माणूस मागचा पट्टा दुमडून त्यावरच टाच ठेवू लागतो आणि सँडलची चप्पल होते. छिद्रात काडी अडकवायचे बक्कल दिसायला नेटके असते, पण ते वाकून आणि दोन्ही हातांनी लावावे लागते. इलॅस्टिकचा पट्टा सर्वांत सोयीचा असतो. तो काही काळाने सैल पडतो हे धरून चालावे. दुकानात परीक्षा घ्यायची ती अशी: एका हातात पिशवी धरून, कशाचाही आधार न घेता, उभ्यानेच सँडल घालावी आणि काढावी. देवळाबाहेर एका हातात नारळ-फुलांची परडी असताना हेच करावे लागते. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत अशा आईवडिलांसाठी जोड घेताना त्यांना सोबतच न्यावे आणि त्यांच्याच हातांनी पट्टा लावून घ्यावा. आपल्याला सोपा वाटणारा पट्टा संधिवात असलेल्या बोटांना जुमानत नाही.

वेल्क्रो घेतल्यास त्याची देखभाल करावी लागते. त्याच्या आकड्यांच्या बाजूत वाळू, केस आणि मोज्यांचे धागे अडकत जातात आणि पकड गेली असे वाटू लागते. जुन्या टूथब्रशने किंवा टाचणीच्या टोकाने तो गाळ ओढून काढला की बहुतेक वेळा पकड परत येते. दुकानात पाहताना आकड्यांची पट्टी किती लांब आहे तेवढे बघावे. बोटभर लांबीची पट्टी पायाला सूज आल्यावर पुरत नाही.

सूज हा विषय मापाशी थेट जोडलेला आहे. दिवसभराच्या चालण्याने आणि प्रवासात तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पावले फुगतात, म्हणून सँडल सकाळी न घेता संध्याकाळी घ्यावी. ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये शनिवार-रविवारी संध्याकाळी दुकानदाराला दोन मिनिटे उसंत नसते, तेव्हा कामावरून परततानाचा एखादा मधला वार बरा. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाला बसेल तोच नंबर घ्यावा आणि दुसऱ्या बाजूचा पट्टा आवळावा. आपल्याकडे नंबर बहुधा ब्रिटिश मोजणीने चालतात, ज्यात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर असतो. युरोपीय मोजणीत तो पावणेसात मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे एका मोजणीचा नंबर दुसरीत तंतोतंत बसत नाही. ऑनलाइन मागवताना नंबराऐवजी सेंटिमीटरवर विश्वास ठेवावा: भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटाशी खूण करावी आणि ते माप विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून पाहावे. घालून उभे राहिल्यावर बोटांपुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, टाच मागे लोंबता कामा नये आणि करंगळी तळाच्या कडेबाहेर जाता कामा नये.

यानंतर हाताने करायच्या तीन तपासण्या आहेत. सँडल टोक आणि टाच धरून वाकवावी. ती बोटांच्या मुळाशी, जिथे पाऊल वाकते तिथेच वाकली पाहिजे. मधोमध दुमडणारी सँडल पायाच्या कमानीला आधार देत नाही. मग ती पिळून पाहावी. थोडी पिळली गेली तर ठीक, फडक्यासारखी पिळली गेली तर परत ठेवावी. शेवटी प्रत्येक पट्ट्याच्या आतल्या बाजूने सावकाश बोट फिरवावे. टाचेमागे, करंगळीच्या मुळाशी आणि अंगठ्याची असेल तर अंगठ्याच्या बेचक्यात शिवणीची गाठ किंवा कापलेली कडक कड बोटाला जाणवली, तर तीच जागा चावणार हे नक्की समजावे. घाम आणि घर्षण एकत्र आले की फोड येतो, आणि आपल्या हवेत घामाची सोय आधीच झालेली असते.

तळ कशाचा आहे हे विचारून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण ठाणे आणि नवी मुंबई ही खाडीकाठची दमट शहरे आहेत. ईव्हीएचा, म्हणजे फोमसारख्या मऊ प्लॅस्टिकचा तळ हलका असतो आणि पाणी पीत नाही, पण वापराने दबत जातो आणि कडक उष्णतेत आकसतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत असा जोड ठेवू नये. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ जास्त काळ उसळी टिकवतो, मात्र हवेतल्या ओलाव्याने त्याचे हळूहळू विघटन होते. माळ्यावर तीन-चार वर्षे जपून ठेवलेला, नव्यासारखा दिसणारा जोड प्रवासाच्या पहिल्याच दिवशी भुसभुशीत होऊन तुकडे तुकडे पडतो, त्यामागचे कारण हेच; तो न वापरल्याने वाचत नाही. सवलतीच्या सेलमध्ये जुना माल निघतो तेव्हा म्हणूनच खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचावे. वेष्टनावर ही माहिती छापणे कायद्याने आवश्यक आहे आणि ती किमतीच्या आसपासच असते.

पीयू वा ईव्हीएच्या खाली रबराचा थर असेल तर ओल्या जमिनीवर पकड चांगली मिळते. कठीण, चकचकीत प्लास्टिकसारखा तळ कितीही खोल नक्षीचा असला तरी ओल्या फरशीवर घसरतो. तळावर अंगठा दाबून पुढे ओढावा. मऊ रबर अंगठ्याला अडवते, कठीण तळावरून तो सरकतो. अर्थात शेवाळावर कुठलेच रबर भरवशाचे नाही.

पट्टे कापडी असतील तर ते मऊ असतात, पण भिजल्यावर पावसाळ्यात दोन-दोन दिवस दमट राहतात आणि वास धरतात. रेक्झिनचे पट्टे लवकर पुसले जातात, मात्र त्यांचा वरचा पापुद्रा सुटतो. रोज भिजण्याची शक्यता असेल तर अस्तर नसलेला, सलग विणलेला पातळ नायलॉनचा पट्टा मला सर्वांत बरा वाटतो. पट्टा तळात शिरतो ती जागा जोर लावून ओढून पाहावी. तिथे फट दिसली किंवा चिकटवलेल्याची रेघ उघडी पडली तर तो जोड घेऊ नये. रंगाविषयी एवढेच की गडद तपकिरी किंवा काळा रंग चिखलही लपवतो आणि बऱ्यापैकी कपड्यांखालीही शोभतो.

मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली असेल तर हा सारा सल्ला बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारावे आणि शक्यतो बोटे झाकणारा जोड घ्यावा, कारण उघड्या सँडलमध्ये लागलेली ठेच किंवा शिरलेला खडा कळतच नाही. पावसाळ्यात कोणीही साचलेल्या पाण्यातून सँडल घालून चाललेच, तर पाय साबणाने धुवावेत. पायाला जखम असताना अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो.

नवा जोड थेट प्रवासाला नेऊ नये. आधी घरात फरशीवर घालून फिरावे, म्हणजे तळ मळत नाही आणि परत करायची वेळ आली तर करता येतो. मग निदान दोन आठवडे रोज बाहेर वापरावा: ठाण्यात तलावपाळीच्या फेऱ्या, नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याकाठची वाट, आणि पाठीवर प्रवासातल्याइतकेच वजन घेऊन स्टेशनच्या पुलाची चढ-उतार. एकदा मुद्दाम भिजवून, न पुसता अर्धा तास चालून पाहावे. कोरडी न चावणारी सँडल ओली झाल्यावर चावू शकते. कुठे लाली आली ते पाहून त्या जागेसाठी चिकटपट्टी बॅगेत टाकावी.

निघण्याच्या आठवडाभर आधी जोड स्टेशनबाहेर बसणाऱ्या चप्पल दुरुस्तीच्या कारागिराला दाखवावा आणि पट्ट्यांच्या बुडाशी शिलाई मारून घ्यावी. नुसते सोल्यूशन लावून भागवू नये, कारण वारंवार भिजले की ते सुटते. शिलाई टिकते आणि तिला खर्चही फार येत नाही. भरताना सँडल तळाला तळ लावून कापडी पिशवीत घालावी आणि बॅगेत सर्वांत वर ठेवावी, म्हणजे गाडीत बसल्याबरोबर बूट काढून ती पायांत घालता येते. परतताना ती ओली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कोंडू नये. वर्तमानपत्रात गुंडाळावी, घरी आल्यावर साबणाच्या पाण्याने धुवावी आणि सावलीत, पंख्याखाली वाळवावी.