शाळेचा तबला लावताना या चुका टाळा

दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या शाळांच्या तबल्यांपैकी बरेचसे वाजवून नव्हे, तर चुकीच्या उपचारांनी बिघडलेले असतात.

उतरलेला तबला विस्तवाजवळ ठेवणे ही त्यांतील सर्वांत घातक चूक आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कातडे ओलावा धरते, सैल पडते आणि स्वर खाली येतो. एका शाळेत १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी असा तबला बिसिऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, चुलीशेजारी ठेवला गेला. स्वर लगेच चढला म्हणून सगळे निर्धास्त झाले. परंतु दुसऱ्या दिवशी समूहगीत सुरू होताच पुडी, म्हणजे तबल्याचे कातडी तोंड, गजऱ्यालगत (कडेच्या वेणीलगत) फाटली आणि मधल्या काळ्या शाईचे टवके भोवतालच्या लवेवर पसरले. शाई म्हणजे लोहकीस आणि खळ यांचे घासून बसवलेले थर. जास्त उष्णतेने त्यांची पकड सुटते. तबल्याचे उपस्वर सुरेल होतात ते या शाईच्या भारामुळेच, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच मांडले होते. त्यामुळे शाई उडालेल्या पुडीचे गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) कितीही ठोकले, तरी शेवटी पुडीच बदलावी लागते. पावसाळ्यात तबला गवसणीत घालून कोरड्या कपाटात, जमिनीपासून उंच ठेवावा, असा माझा आग्रह असतो.

दुसरी चूक हातोडीची. घाईत असलेले नवशिके थेट गठ्ठ्यांवर घाव घालतात. मी आधी सोळाही घरांवर, म्हणजे गजऱ्यात ओवलेल्या वादीच्या दरम्यानच्या भागांवर, किनार वाजवून पाहतो, जेथे स्वर उतरलेला असेल तेथे गजऱ्यावर वरून हलका ठोका देतो आणि लगेच समोरचे घर तपासतो. गठ्ठ्यांना हात लावतो तो सगळा तबला सारखाच उतरला असेल तरच. मुली काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गातात म्हणून मोठ्या तोंडाचा तबला तेथवर ताणू नये, नाहीतर वादी, म्हणजे पुडी ताणणारी कातडी पट्टी, तुटते. तो त्या पट्टीच्या मध्यमावर, म्हणजे काळी एकवर लावावा. एवढा धीर ज्यांना नाही, त्यांच्या हाती हातोडी देऊच नये.

शाईवर ओले फडके फिरवू नये. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाजवून झाल्यावर लगेच काढावी, अन्यथा उंदीर कणकेसह कातडेही कुरतडतात. नटबोल्टच्या ढोलकीचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत. लेझीमची हलगी जाळावर शेकावी लागते, पण ती हातात धरून सतत फिरवत राहावी आणि हे काम मुलांवर सोपवू नये.