‘महासत्ता’ लिहिण्याआधी साल विचारा

आंतरराष्ट्रीय राजकारण शिकायला लागलो तेव्हाची गोष्ट. पहिलाच निबंध सुएझच्या पेचावर होता. मी लिहिलं, ‘ब्रिटन आणि फ्रान्स या महासत्तांनी इजिप्तवर हल्ला केला.’ पुढच्या परिच्छेदात तेच देश ‘बडी राष्ट्रं’ झाले, शेवटी ‘वर्चस्ववादी सत्ता’. तोच शब्द परत परत नको, एवढाच माझा हिशेब. सरांनी ‘महासत्ता’ला पेन्सिलीनं गोल केला आणि समासात लिहिलं, ‘कोणत्या सालचं ब्रिटन?’

त्या एका प्रश्नानं माझी अभ्यासाची पद्धत बदलली. विल्यम फॉक्स या अमेरिकी अभ्यासकानं १९४४ मध्ये महासत्ता मोजल्या तेव्हा त्या तीन होत्या : अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन. बारा वर्षांनी, १९५६ मध्ये, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलनं सैन्य घुसवलं, पण पौंड घसरू लागला आणि अमेरिकेनं तो सावरायला नकार दिला. वर्ष संपायच्या आत ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य माघारी गेलं. सैन्य होतं, नौदल होतं, सुरक्षा परिषदेत नकाराधिकारही होता. वॉशिंग्टनला न जुमानता लढाई तडीस नेण्याची ताकद मात्र उरली नव्हती. ‘बडं राष्ट्र’ हा शब्द १९५६च्या ब्रिटनला शोभतो, ‘महासत्ता’ नाही.

म्हणून नव्यानं या विषयाकडे येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं : हे शब्द समानार्थी म्हणून पाठ करू नका. एक वही करा. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी, कोणाबद्दल आणि कधी वापरला ते लिहा. ‘बडी राष्ट्रं’पुढे १८१४-१५ची व्हिएन्ना परिषद येईल, ‘प्रभावक्षेत्रा’पुढे आफ्रिकेतल्या सीमांबद्दलचा १८८५चा ब्रिटन-जर्मनी करार, ‘सॉफ्ट पॉवर’पुढे (बळजबरीऐवजी आकर्षणानं प्रभाव पाडण्याची ताकद) १९९०च्या सुमाराचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय.

‘वर्चस्व’ आणि ‘धुरीणत्व’ यांत मी सर्वांत जास्त अडखळलो. इंग्रजीतल्या ‘हेजेमनी’साठी मराठीत दोन्ही चालतात, पण वजन वेगळं आहे. वर्चस्वात दाब आहे. धुरीण म्हणजे धुरा वाहणारा, पुढे चालणारा. मागच्यांनी त्याला थोडंफार मानलेलं असतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही पुढारी असाच आहे. मात्र १९७२च्या शांघाय निवेदनात अमेरिका आणि चीन म्हणाले, आशिया-प्रशांत भागात आपण दोघंही हेजेमनी मिळवू पाहणार नाही आणि दुसऱ्या कोणी ती मिळवायचा प्रयत्न केला तर विरोध करू. रोख सोव्हिएत संघाकडे होता. तिथे ‘धुरीणत्व’ लिहिलंत तर सगळी धार जाते. तिथे ‘वर्चस्व’च हवं.

शब्दावर किती अवलंबून असतं हे पाहायचं तर १९६२चा, सोव्हिएत संघानं क्युबात क्षेपणास्त्रं ठेवल्यानं उभा राहिलेला पेच वाचा. २२ ऑक्टोबरला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी क्युबाकडे शस्त्रं नेणाऱ्या जहाजांना अडवण्याची घोषणा केली, पण ‘नाकेबंदी’ हा शब्द टाळला आणि ‘क्वारंटाइन’ म्हटलं. नाकेबंदी ही आंतरराष्ट्रीय कायद्यानं युद्धाची कृती ठरते. समुद्रातली जहाजं तीच, पण एका शब्दामुळे मॉस्कोला मागे सरायला जागा राहिली. निदान मला तरी ती त्या तेरा दिवसांतली फार मोलाची निवड वाटते.

द्विध्रुवीय, एकध्रुवीय, बहुध्रुवीय (जगात सत्तेची केंद्रं दोन, एक की अनेक) हे शब्द लवकर जमतात, त्यांवर फार वेळ घालवू नका. तो वेळ मूळ दस्तऐवजांना द्या. सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेपासून करा. कलम २७ मध्ये सुरक्षा परिषदेच्या पाच स्थायी सदस्यांच्या हाती ठराव अडवण्याची ताकद दिली आहे, पण ‘व्हेटो’ (नकाराधिकार) हा शब्द तिथे सापडणार नाही. मग कलम २३ उघडा आणि त्या पाचांची नावं वाचा : सोव्हिएत संघ अजून तिथेच छापलेला आहे, आणि चीनच्या जागी ‘रिपब्लिक ऑफ चायना’, म्हणजे आज तैवानमध्ये असलेलं सरकार.