कंपनीच्या स्टॉलवर जाताना काय न्यावं

फेब्रुवारी लागला की सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे जोरात असतात आणि त्याच सुमारास इथल्या कॉलेजांत विज्ञान दिनाची लगबग असते. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेल्या शोधाची ती आठवण. पोस्टर, व्याख्यानं, विज्ञान रांगोळी हे सगळं असतंच. त्यासोबत हॉलबाहेर दोन-चार टेबलं दिसतात, बायोटेक कंपन्यांची. किट, पिपेट, एखादं छोटं यंत्र मांडलेलं असतं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी त्या टेबलांवरून एक पेन आणि एक कॅटलॉग घेऊन परत आले. दुसऱ्या वर्षी मात्र सहा महिने अडलेलं काम तिथंच उभ्या उभ्या सुटलं. नव्याने संशोधनाला लागलेल्या मुलामुलींसाठी ते सविस्तर लिहिते आहे.

तेव्हा मी तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि हळदीच्या कंदकुजीवर काम करत होते. पावसाळ्यात शेतात पाणी साचलं की पिथियम नावाचा रोगकारक गड्ड्यात शिरतो, पानं पिवळी पडतात, खोड ओढलं तर हातात येतं आणि खालचा कंद मऊ, दुर्गंधी सुटलेला निघतो. ऑगस्टमध्ये मिरज तालुक्यातल्या शेतांतून मी असे कंद गोळा केले होते. त्यांतून डीएनए काढायचा आणि पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवण्याची प्रक्रिया) करून पिथियम ओळखायचा, एवढं साधं काम. पण डीएनएचे तुकडे ज्यावर बँड म्हणून, म्हणजे रेघांसारखे दिसतात, ती जेल दर वेळी कोरी. लॅडर, म्हणजे मापासाठी घातलेला तयार डीएनए, स्वच्छ दिसायचा, शेजारी अंधार. प्रायमर (कोणत्या तुकड्याच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) बदलले, तापमान बदललं, प्रती बनवणारं एन्झाइम नवं मागवलं. आमच्यासारख्या कॉलेजात नवं एन्झाइम म्हणजे तीन कोटेशन, मंजुरी आणि महिनाभर वाट पाहणं.

विज्ञान दिनाला स्टॉलवर येणाऱ्यांत विक्रीचे लोक असतात, तसे अॅप्लिकेशन सायंटिस्टही असतात. त्यांचं काम ग्राहकाचा प्रयोग का चालत नाही हे शोधणं. आपण गाठायचं ते त्यांना. मी त्या दिवशी स्टीलच्या डब्यात बर्फ घालून डीएनएच्या चार ट्यूब नेल्या होत्या, सोबत जेलचे फोटो. स्टॉलवरच्या अॅप्लिकेशन सायंटिस्ट सरांनी एक थेंब त्यांच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर ठेवला. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, जे प्रथिनांची भेसळ दाखवतं, १.८ आलं, म्हणजे ठीक. इतर अशुद्धी दाखवणारं २६०/२३० मात्र ०.६. ते दोनच्या आसपास असायला हवं. त्यांनी ट्यूब उजेडात धरली. आतलं द्रावण फिकट तपकिरी आणि किंचित चिकट होतं. मला ते रोज दिसत होतं आणि मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"मॅडम, डीएनए आहे तुमच्याकडे. त्याच्यासोबत आलेलं काहीतरी एन्झाइमला काम करू देत नाही," ते म्हणाले.

हळदीच्या कंदात पॉलिफेनॉल आणि पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. डीएनए काढताना ते सोबत येतात आणि पीसीआर अडवतात. याची खात्री कशी करायची तेही त्यांनी सांगितलं. जी पीसीआर हमखास चालते, तिच्या ट्यूबमध्ये आपल्या नमुन्याचा एक मायक्रोलिटर घालायचा. चालणारी पीसीआरही बंद पडली, तर दोष नमुन्यातल्या अशुद्धीचा. मग नमुना दहापट आणि पन्नासपट पातळ करून पाहायचा, कारण डीएनएबरोबर अडथळाही पातळ होतो. पुढच्या खेपेला डीएनए काढायच्या सीटॅबच्या बफरमध्ये पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी वाढवायचं आणि पीसीआरमध्ये अडथळा कमी करणारं बीएसए हे प्रथिन थोडं घालायचं. दुसऱ्या दिवशी दहापट पातळ केलेल्या नमुन्याच्या खान्यात बँड दिसला. बारीकच रेघ होती, पण मी लॅबच्या मावशींना बोलावून दाखवली.

तिथं जाताना एका पानावर काय केलं, काय मिळालं, काय अडलं ते लिहून न्या. न चाललेल्या जेलचा फोटो न्या, चांगला दाखवायची गरज नाही. नमुना नेण्याआधी आयोजकांना विचारा. रोगकारकाचं जिवंत कल्चर गर्दीच्या हॉलमध्ये कधीच नेऊ नका. आणि गाईडशी बोलून जा. पोस्टर लावलं की ती माहिती जाहीर झाली, त्यामुळे पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी, पोस्टर नंतर. अडचण सांगायला स्वतःचे सीक्वेन्स (डीएनएतला अक्षरक्रम) द्यावे लागत नाहीत.

कंपन्या यापलीकडेही बरंच देतात. पोस्टरच्या बक्षिसाऐवजी रसायनांचं व्हाउचर, अर्ध्या दिवसाची कार्यशाळा, ट्रायल पॅक, कधी परिषदेला जायचा खर्च. आज किट वापरणारी मुलगी उद्या स्वतःची लॅब चालवेल आणि आपलाच माल घेईल, हा त्यांचा हिशेब उघड आहे. मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त मिळालेल्या मदतीचा उल्लेख शोधनिबंधाच्या आभारात करा, आणि फुकट मिळालं म्हणून प्रयोगाची दिशा बदलू नका.

कॉलेजांनी मात्र एक फरक लक्षात घ्यायला हवा. स्टॉलचे पैसे कंपनीच्या जाहिरातीच्या खात्यातून येतात. सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा निधी वेगळा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम त्यावर खर्च करावी लागते. शिक्षण त्यात बसतं, पण स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व बसत नाही. म्हणून कार्यक्रमाला बॅनर मागणारं पत्र आणि लॅबसाठी डीप फ्रीझर मागणारं पत्र ही दोन वेगवेगळ्या माणसांकडे जायला हवीत. आमच्याकडे वर्षानुवर्षं दोन्ही एकाच विक्री प्रतिनिधीच्या हातात दिली जातात आणि मग काही होत नाही. मुलांचं नुकसान होतं, म्हणून हे कळकळीनं सांगते.

ट्रायल पॅकबद्दल एक. मला एका कंपनीकडून आलेलं एन्झाइम शुक्रवारी संध्याकाळी सांगलीत पोचलं आणि सोमवारपर्यंत कुरिअरच्या ऑफिसात पडून राहिलं. एप्रिल महिना होता. उणे २० अंशांत राहायची वस्तू उघडली तेव्हा थंडाव्यासाठी घातलेले जेल पॅक कोमट होते. तेव्हापासून मी 'सोमवारीच पाठवा' असं लिहून देते, आल्यावर मुदत तपासते आणि खात्रीच्या नमुन्यावर चालवून बघितल्याशिवाय स्वतःचा नमुना त्यात घालत नाही.

कार्यक्रम संपल्यावर दोन दिवसांत मेल करा. धन्यवाद एका ओळीत, बाकी निकाल: किती पातळ केलं, बँड आला की नाही, फोटो. मी पाठवला तेव्हा सरांचं उत्तर तासाभरात आलं. पीव्हीपी किती टक्के घातलं, एवढंच त्यांनी विचारलं होतं. साताऱ्यात आल्याच्या कंदकुजीवर काम करणारा एक विद्यार्थी अगदी याच ठिकाणी अडला होता. आलं आणि हळद एकाच कुळातली, रोगकारकही पिथियमच. सरांनी आम्हा दोघांना एकाच मेलमध्ये घेतलं. पुढच्या पावसाळ्यात त्याचे कंद आणि माझे कंद एकाच जेलवर चालले.