वुडी स्ट्रोडच्या हातातली बंदूक: सिनेमे बघण्याआधीची तयारी

कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडू आणि अभिनेता वुडी स्ट्रोडचे सिनेमे ओळीने बघायचा बेत असेल, तर आधी 1946 साल नीट समजून घ्या. 1934 ते 1945 या काळात अमेरिकेच्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेच नाही, पण घेत कुणीच नव्हतं. मग क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला आणि त्याला तिथलं कलोझियम मैदान हवं झालं. मैदान सार्वजनिक मालकीचं. कृष्णवर्णीय पत्रकारांनी हट्टच धरला, इथे खेळायचं तर आमचे खेळाडूही घ्या. आधी केनी वॉशिंग्टनला घेतलं, मागोमाग स्ट्रोडला. यूसीएलए विद्यापीठात हे दोघे पुढे बेसबॉलमध्ये गाजलेल्या जॅकी रॉबिन्सनसोबत खेळलेले. स्ट्रोडला दार उघडलं तेव्हा त्याची तिशी उलटून गेली होती. उमेदीची वर्षं बाहेरच सरली. एनएफएलमध्ये त्याला एकच हंगाम मिळाला. पुढे कॅनडातला कॅलगरी स्टॅम्पीडर्स हा संघ, 1948 चा ग्रे कप हा तिथल्या फुटबॉलचा करंडक, कुस्ती आणि सिनेमा. हे ठाऊक असेल तर पडद्यावर तो नुसता उभा राहिला तरी त्या उभं राहण्याचं वजन कळतं.

आता एक वही घ्या आणि प्रत्येक सिनेमासाठी तीन गोष्टी टिपा: हातात हत्यार कोणतं, ते कुणाच्या हुकमावर चालतं आणि कुणाच्या भल्यासाठी. माझ्या मते स्ट्रोडला पडद्यावर किती माणूसपण दिलं गेलं, याचा हिशेब या तीन रकान्यांत सापडतो.

सुरुवात 1960 च्या ‘स्पार्टाकस’ने करा. इथे बंदूक नाही. त्रिशूळ आणि जाळं आहे. स्ट्रोडचा ड्राबा हा ग्लॅडिएटर स्पार्टाकसला हरवतो, पण मारत नाही. त्रिशूळ उलटा वर बसलेल्या रोमन बड्यांकडे भिरकावतो. त्याच वर्षीचा दिग्दर्शक जॉन फोर्डचा ‘सार्जंट रटलेज’ लगेच लावा. त्याआधी एवढं वाचून ठेवा की 1866 मध्ये अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांच्या घोडदळाच्या नवव्या आणि दहाव्या पलटणी उभ्या राहिल्या, आणि रटलेज नवव्यातला आहे. खोट्या आरोपाखाली पकडलेला हा सार्जंट निसटतो, पण दबा धरलेल्या अपाची आदिवासींची चाहूल लागताच आपल्या तुकडीला सावध करायला परत फिरतो. सिनेमाचं नाव त्याच्या पात्राचं, श्रेयनामावलीत पहिलं नाव मात्र जेफ्री हंटरचं. तेही वहीत लिहा.

‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (1962) साठी घाई नको. शेवट ठाऊक नसेल तर हा परिच्छेद सिनेमा बघून झाल्यावर वाचा. स्ट्रोडचा पॉम्पी हा जॉन वेनच्या पात्राचा, टॉम डॉनिफनचा गडी. खाणावळीत स्टेकवरून भांडण पेटतं तेव्हा सगळ्यांचे डोळे वेन आणि गुंड व्हॅलन्स झालेल्या ली मार्व्हिनवर. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघा, पॉम्पी तिथे रायफल घेऊन उभा आहे. आणि तो रात्रीचा गोळीबार: अंधाऱ्या बोळात पॉम्पी रायफल फेकतो, डॉनिफन झेलतो, एकच गोळी झाडतो, रायफल परत पॉम्पीकडे. व्हॅलन्सला कुणी मारलं याची अख्खी दंतकथा ज्या गोळीवर उभी, ती बंदूक आधी आणि नंतर पॉम्पीच्याच हातात होती, पण त्या दंतकथेत त्याचं नाव कुणी घेत नाही. हा प्रसंग थांबवून दोनदा बघाच. ‘द प्रोफेशनल्स’ (1966) तुलनेने सोपा. तिथे तो डायनामाइट बांधलेले बाण सोडणारा धनुर्धारी आहे, आणि बाकीच्या तिघांच्या बरोबरीचा.

‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (1968) लावण्याआधी थोडं बंदुकीचं बघून घ्या. त्यात स्ट्रोडकडे विंचेस्टर 1892 ची नळी आणि दस्ता दोन्ही कापून आखूड केलेली रायफल आहे, पिस्तुलासारखी हाताळता येणारी. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस उडतं, मिटली की नवं आत जातं. कथेतला काळ या मॉडेलच्या आधीचा वाटतो, पण जुन्या वेस्टर्न सिनेमांमध्ये ही रायफल सर्रास दिसते. एक कारण अगदी व्यावहारिक: ‘5-इन-1’ नावाचं ब्लँक, म्हणजे गोळी नसलेलं नुसतं आवाजाचं काडतूस हिच्यातही चालायचं आणि कोल्ट पिस्तुलातही. सेटवर दोन साठे सांभाळायला नकोत.

मग स्पेनमध्ये चित्रित झालेलं ते सुरुवातीचं स्टेशन बघा. तिघे मारेकरी गाडीची वाट बघतायत. वरच्या टाकीतून स्ट्रोडच्या टकलावर पाणी ठिबकतं. तो हलत नाही. फक्त टोपी घालतो. काठात पाणी साचत राहतं आणि शेवटी तो टोपी काढून तेच पाणी पितो. संवाद जवळपास नाहीतच. अंगावर पूर्ण ताबा असलेला खेळाडूच इतकं स्थिर उभा राहू शकतो, असं मला मनापासून वाटतं. तरी तिसऱ्या रकान्यात लिहावं लागेल: खलनायक फ्रँकचा भाडोत्री.

प्रत मात्र तपासून घ्या. अमेरिकेत हा सिनेमा आधी 145 मिनिटांपर्यंत कापून दाखवला गेला होता. तुम्हाला 165 मिनिटांच्या आसपासची हवी. आवाज मोठा ठेवा, कारण त्या स्टेशनवर पवनचक्कीची करकर आणि पाण्याचा थेंब हेच संगीत आहे.