मुलांच्या शाळेतली फेअरवेल: पोहे आधी, भाषणं नंतर

मागच्या आठवड्यात माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंचा फोन आला. "ताई, बारावीची फेअरवेल माझ्या गळ्यात पडलीय. मुलांना विचारलं काय करू या, तर म्हणतात, 'कुछ भी कर लो मॅडम, बस पोहे रख देना.' आता?"

मी म्हटलं, मग पोहेच ठेवा.

इंदूरला मुलांच्या शाळेत 26 वर्षं गणित शिकवलं, त्यात 14 वेळा बारावीला निरोप दिला. पहिले तीन साफ फसले, कारण मी माइक पुढे केला. अठरा वर्षांच्या मुलाला स्टेजवर चढवून 'दोन शब्द बोल' म्हटलं की तो बुटांकडे बघतो, खालून शिट्ट्या येतात आणि तो उतरतो. तोच मुलगा कांदा चिरायला बसवा, वर्षभराचं सगळं ओकतो. डोळे पुसायलाही कांद्याचं निमित्त असतं.

तारीख संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार धरा. पुढे प्रॅक्टिकल, मग बोर्ड. फेब्रुवारीत कोणाचं चित्त थाऱ्यावर नसतं. वर्गणी काढू नका. एका वर्षी आम्ही पाचशे रुपये ठेवले आणि त्या दिवशी तीन मुलांना एकदम ताप आला. ताप कसला होता ते मला नंतर कळलं. तेव्हापासून रद्दी. दिवाळीनंतर प्रत्येकाने जुन्या वह्या, फाटक्या गाइड आणायच्या, धड असलेली पुस्तकं अकरावीला द्यायची, उरलेलं विकायचं. कमी पडलं तर शिक्षकांच्या खोलीत डबा फिरवा, मुलांना कळू न देता.

आता पोहे. 60 मुलांना 6 किलो जाड पोहे लागतात, कारण ही मुलं एका प्लेटवर उठत नाहीत. आपल्या घरचे ओल्या खोबऱ्याचे कांदेपोहे इथे चालत नाहीत; ते पंधरा मिनिटांत कोरडे पडतात आणि मुलं तोंडावर सांगतात. इंदुरी पद्धत अशी: पोहे चाळून, धुऊन निथळायचे, मीठ-साखर-हळद लावून ठेवायचे, मोहरी, बडीशेप आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत परतायचे, मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर ठेवायचे. तेल बेताचं. दोन तासांनीही मऊ राहतात. वरून जीरावण म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला, शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, लिंबू. शेगडीजवळ कॅन्टीनचे मामाच, मुलं नाहीत. जलेबी बाहेरून गरम मागवा, माणशी शंभर ग्रॅम. कोणीतरी गराडू, म्हणजे थंडीतला कंद, तळायचा हट्ट धरेलच, थंडीच असते ना. कच्चं गराडू सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी तेल चोळायला सांगा. नाहीतर सगळे दिवसभर खाजवत बसतात. मी एकदा बसले होते.

टायटलं, म्हणजे निरोपाला प्रत्येकाला द्यायची गमतीची बिरुदं, हा खरा धोका. अकरावीची मुलं पट्ट्यांवर लिहून आणतात आणि त्यांना वाटतं आपण फार विनोदी आहोत. एकदा एका अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या पट्टीवर त्यावरूनच टोमणा लिहिला होता. तो हसला, पट्टी घडी करून खिशात घातली, जलेबीला थांबला नाही. चूक माझी, मी आधी वाचलं नव्हतं. आता नियम: अंग, रंग, आवाज, मार्क, घरची परिस्थिती, मुलीचं नाव यांतलं काही नको. त्याने केलेल्या गोष्टीवरून लिहा. 'चुकलेल्यांसाठी सिटी बस थांबवणारे भिया', 'कंपास सबका, नाम मेरा'. सगळ्या पट्ट्या दोन दिवस आधी तुमच्या टेबलावर आल्याच पाहिजेत.

शर्टवर सह्या करणारच, रोखू नका. फक्त शर्टाच्या आत पुठ्ठा घालायला लावा, नाहीतर छातीवरचा मार्कर पाठीवर उमटतो. घरी जायला दुसरा शर्ट आणायला सांगा. ग्रुप फोटो सह्यांच्या आधी, इमारतीच्या सावलीत घ्या. उन्हात साठातले वीस डोळे मिटलेले निघतात. कोण कुठे उभं आहे ते त्याच दिवशी, डावीकडून उजवीकडे, लिहून ठेवा. दहा वर्षांनी तुम्हालाच नावं आठवत नाहीत.

भाषणाच्या जागी मी पोस्टकार्ड ठेवायचे. 50 पैशांना एक, म्हणजे सगळा वर्ग 30 रुपयांत. प्रत्येकाने प्राथमिकच्या एका शिक्षकाला किंवा आपल्या व्हॅनवाल्या भैयांना चार ओळी लिहायच्या. पत्ता कुठल्या बाजूला लिहायचा हेही निम्म्यांना माहीत नसतं, पिनकोडचे सहा आकडे सांगावे लागतात. लिहून झालं की तुम्ही वाचायचं नाही. तिथेच गोळा करून टपालपेटीत टाका.

सुपर कॉरिडॉर या इंदूरच्या रुंद रस्त्यावर बाइकची मिरवणूक काढायचा बेत हमखास शिजत असतो. आदल्या दिवशी पालकांना फोन करा, कोणाचंही नाव न घेता. रात्री सराफ्यात जायचं असेल तर घरच्यांना विचारून जा म्हणावं. सोन्याची दुकानं बंद झाल्याशिवाय तिथे खाण्याचे ठेले लागत नाहीत, तोवर मुलं रस्त्यावर नुसती हिंडत राहतात.

पोह्यांनंतर हजेरी घ्या. रोजच्या पटावरूनच, पण नंबर नाही, पूर्ण नाव. जो आला नाही त्याचंही नाव घ्या. कोणीतरी मागून 'हाजिर' ओरडतं, ते ओरडू द्या. आणि संध्याकाळी न आलेल्याला फोन करा.

ताटं स्टीलची, मंडपवाल्याकडून भाड्याने. साठ नेली तर साठ मोजून परत द्या, डिपॉझिट कापतात. दोन वाट्या कमी पडल्या तर शेवटच्या बाकाखाली बघा. माझ्याकडे दर वर्षी तिथेच सापडल्या, जीरावणाने माखलेल्या.