सोसायटीत चित्रपुस्तकांचा कट्टा कसा जमवावा

ठाण्याच्या घोडबंदर रोडचा टॉवर असो की नवी मुंबईतली नेरूळची सिडको वसाहत, मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवायच्या कट्ट्याला एक सतरंजी, वीस-पंचवीस पुस्तकं आणि शनिवार संध्याकाळची चाळीस मिनिटं पुरतात. मुलं आठ ते बारा, वय तीन ते सात. कट्टा फसतो तो बहुधा पुस्तकांच्या निवडीत, नाहीतर बसण्याच्या मांडणीत.

पुस्तक निवडताना आधी मजकूर वाचू नका. नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा आणि तीन गोष्टी टिपा: खोड्या कोण काढतंय, अडचणीतून वाट कोण काढतंय, आणि नुसतं बघत कोण उभं आहे. व्हीलचेअरवरची मुलगी किंवा कानाला यंत्र लावलेला मुलगा दर वेळी बघ्यांतच सापडत असेल आणि शेवटच्या पानावर सगळे मिळून त्याचं कौतुक करत असतील, तर ते दयेचं पुस्तक आहे. मुलांना हे कळतं. ज्याला ते आपल्यावर बेतलेलं वाटतं त्याला सगळ्यांत आधी. तीच मुलगी उतारावरून सुसाट येऊन आजोबांच्या भाजीच्या पिशवीवर आदळत असेल आणि टोमॅटो घरंगळत असतील, तर पुस्तक खुशाल घ्या. मग पुस्तकांची सगळी पेटी एकत्र मांडून बघा: पोळ्या लाटणारे बाबा एखाद्या तरी पुस्तकात आहेत का, दोन खोल्यांचं घर आहे का, सावळं मूल नायक आहे का. एकाच पुस्तकात हे सगळं कोंबलेलं असेल तर गोष्ट बहुधा मेलेली असते.

मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि तूलिका यांची पुस्तकं बघावीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (२०१५पासून) मराठीसह कितीतरी भाषांत गोष्टी फुकट मिळतात. त्यांचा परवाना खुला आहे. लेखक, चित्रकार आणि अनुवादकाची नावं कायम ठेवून छापता येतात. छापताना कागद १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जरा जाड) घ्या. नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदातून मागचं चित्र दिसतं आणि पान उलटण्याआधीच गंमत फुटते. कट्ट्यात तेलुगू किंवा बंगाली घरातलं मूल असेल तर तीच गोष्ट त्या भाषेतही उतरवून ठेवा आणि त्यातली चार-पाच वाक्यं त्याच्या आईला वाचायला सांगा. शेजारी आगरी बोलणारी आजी असेल तर चित्रातल्या मासळीची नावं तिनंच सांगावीत. ती आपल्यापेक्षा नक्कीच जास्त सांगेल.

आता बैठक. मुलं अर्धवर्तुळात, वाचणाऱ्यापासून दीड-दोन मीटरच्या आत. खिडकीकडे पाठ करून वाचायला बसू नका: चेहरा अंधारात जातो, आणि ओठ बघून समजून घेणाऱ्या मुलाची गोष्ट तिथंच संपते. उजेड चेहऱ्यावर हवा, पुस्तक खांद्याशेजारी, तोंड पुस्तकाआड जायला नको. चकचकीत पानावर ट्यूबलाइट चमकत असेल तर पुस्तक किंचित खाली झुकवा. व्हीलचेअर अर्धवर्तुळातच राहू द्या, कडेला किंवा मागे नको. सोबत दोघा-तिघांना खुर्च्या द्या आणि स्वतःही खुर्चीवर बसा. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलासाठी दाराजवळ एक आसन मोकळं ठेवा आणि सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाका, की इथून उठून जाता येतं, परतही येता येतं. दर शनिवारी क्रम तोच ठेवा (गाणं, गोष्ट, खेळ, पुस्तकं घरी नेणं) आणि चार चित्रांच्या पट्टीवर तो दाखवा. पट्टी विसरलात तर पुढे काय हे कळत नाही म्हणून मूल बिथरतं, आणि ते हट्टी आहे असा शिक्का बसतो.

वाचन आदल्या दिवशी एकदा मोठ्यानं करून बघा. चित्रपुस्तक बहुधा २४ किंवा ३२ पानांचं असतं, कारण छापखान्यातला फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं) आठ किंवा सोळा पानांचा. एवढ्या थोड्या जागेत चित्रकार सगळी गंमत पान उलटण्यात दडवतो. अशा दोन-तीन जागांवर पेन्सिलीनं बारीक टिंब करा, तिथं थांबा, मनात तीनपर्यंत मोजा आणि मगच उलटा. घाई झाली तर पुस्तक उत्तम असूनही मुलं हसत नाहीत. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चित्र शब्दांत सांगा, पण गोष्टीच्या ओघात: 'मांजर कपाटावर, शेपूट खाली लोंबतंय.' हातांना कळेल असं पान करायचं तर एका पानावर एकच वस्तू घ्या. कडेला सुतळी, आत कापूस किंवा सँडपेपर, आणि फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या. सगळंच चिकटवलं तर बोटांना नुसता खडबडीतपणा कळतो, आकार नाही.

गोष्ट संपल्यावर 'यातून काय शिकलो?' हा प्रश्न नको. पालक मागून विचारतीलच. त्यांना चहाला पाठवा. त्याऐवजी 'टोमॅटो कुठवर गेले असतील?' असं विचारून बघा.

पावसाळ्यात खरा शत्रू खाडीची दमट हवा. पुस्तकं भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, मधे चार बोटं जागा सोडा आणि उघडीप मिळाली की पंख्याखाली उभी, पानं मोकळी करून ठेवा. पातळ पुस्तकांच्या पिना आधी गंजतात, मग डाग पानावर उतरतो आणि मधलं पान निसटतं. म्हणून मे महिन्यातच पिना काढून दोऱ्यानं शिवून टाका. घडीवर मधोमध एक आणि वर-खाली एकेक अशी तीन भोकं पाडा. मेण चोळलेला जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतून थेट खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढा, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणा. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या; कमी पडला तर गाठीला बोटं पोचत नाहीत.