शाळेत पोराला कोणी त्रास देतंय? आम्ही केल्या त्या चुका तुम्ही करू नका

आमचा पोरगा पाचवीपर्यंत पारोळ्याकडे गावाला आजीजवळ होता, घरात सगळी अहिराणी बोली, सहावीला जळगावला आणला आणि दोन महिन्यांत त्याचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी दुखायचं, रविवारी नाही. तिथंच आमची ट्यूब पेटायला पाहिजे होती, पण आम्ही ओवा देत बसलो.

नंतर कळलं की वर्गात त्याला "शे-शे" म्हणतात, कारण बोलताना त्याच्या तोंडून "आहे"च्या जागी "शे" निघतं. डब्यात कळण्याची भाकरी असली की काळी भाकरी आली म्हणून डबा वर्गभर फिरवायचे, मधली सुट्टी संपेपर्यंत.

पहिली चूक माझीच. तो सांगत होता, शर्टाचं बटण पिरगाळत, आणि मी मध्येच विचारलं, "तुलाच का करतात पण? तू काय केलं?" झालं, पुढचे आठ दिवस पोरगा गप्प. पोरगं बोलायला लागलं की आधी ऐका, प्रश्न नंतर.

दुसरी, "तू पण दे एक ठेवून". हे त्याच्या काकांचं. समोर तिघं आणि हा एकटा, वर मारामारीत नाव याचंच गेलं असतं. आणि दुर्लक्ष कर हे सांगणंही तसंच, डबा हातातून ओढून नेला तर दुर्लक्ष कसं करणार सांगा?

तिसरी, गेटवर जाऊन त्या पोरांना दम देणं. मी दिला, दुसऱ्या दिवशी "पप्पाला बोलव ना" हे नवीन सुरू झालं.

मग जे चाललं ते सांगतो. बायकोने वहीत तारीख, कोण, कुठे, कोणी पाहिलं असं लिहायला घेतलं, ते घेऊन वर्गशिक्षिकेला एकट्यात भेटलो, लेखी अर्ज देऊन झेरॉक्सवर पोच घेतली. सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारू नका एवढं मात्र आधीच सांगितलं. तिथं काम झालं नाही तर मुख्याध्यापक, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती, शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे तिच्यात किमान ७५ टक्के पालकच असतात. मारहाण, धमकी असं काही असेल तर चाइल्डलाइन १०९८, फोन फुकट, २४ तास.

आणि घरी प्रॅक्टिस. स्वयंपाकघरात मी तो दांडगा पोरगा व्हायचो, डबा ओढायचो, याने फक्त एक वाक्य म्हणायचं, मोठ्याने, माझ्याकडे बघून. पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी आवाजच फुटेना, डोळ्यात पाणी, मला वाटलं उगाच करतोय आपण हे. पाचव्या-सहाव्या दिवशी निघाला आवाज. बाई शेजारच्या वर्गात असतात तेव्हाच बोलायचं आणि दिला नाही तर सरळ त्यांच्याकडे जायचं, हेपण ठरवून दिलं होतं. इथं पुन्हा एक चूक होणार होती, मी त्याला शुद्ध मराठीत वाक्य पाठ करून घेत होतो. आजीने फोनवर झापलं मला.

गुरुवारी तो वर्गात म्हणाला, "मना डबा शे, दे आठे." म्हणजे माझा डबा आहे, दे इकडे. दोघं हसले म्हणे, पण बाकावरचा एक पोरगा, तोपण चोपड्याकडचा, उठून याच्या बाजूला उभा राहिला.

"मग, दिला डबा?"

"दिला. पण ठेचा खाऊन टाकला होता त्याने, आणि मग पाणी मलाच मागत होता."

"दिलं?"

"अर्धी बाटली."